दुसरीची तहान

भूषण झांबरेला तहान लागली तेव्हा हेमांगी कळण्याची भाकरी थापत होती. जेवता जेवता त्याचा घास हातातच राहिला. त्याने ओठांवरून जीभ फिरवली, घसा खाकरला आणि गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. ठेचा तिखट लागला असेल म्हणून ती गुळाचा डबा काढायला वळली, तर तो म्हणाला, "हेमा, मला काहीतरी होऊन राहिलं." त्या घरात 'काहीतरी होणं' याचा अर्थ इतकी वर्षं एकच होता, तो म्हणजे अँब्युलन्स. पण तोवर त्याने तिचाच पेला उचलून तोंडाला लावला होता. डोळे मिटून, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरेपर्यंत तो प्याला. पेला खाली ठेवला, हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"तहान आहे ही," तो म्हणाला. "विसरूनच गेलो होतो मी."

हेमांगीही रडली. पिठाच्या हातांनीच तिने पुण्याला लेकीला फोन लावला, तिलाही रडवलं. शेजारी पेढे पाठवायचं ठरलं. मग दुपारी भांडी विसळताना तिच्या डोक्यात एक विचार आला आणि हातातलं ताट हातातच राहिलं. ती तहान भूषणची नव्हतीच. ती प्रणाली सोनवणे नावाच्या बाईची होती. जळगावातच, रेल्वेमार्गाच्या पलीकडे, ती बाई त्या वेळी मैदानावरून घरी येऊन पाण्याची बाटली शोधत असणार.

हे समजायचं तर थोडं मागे जायला हवं, आणि थोडं डोक्यात शिरायला हवं.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे, जेमतेम बदामाएवढा एक भाग असतो. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. थोर विचार वगैरे त्याच्या वाट्याला येत नाहीत, त्याच्याकडे घर चालवायचं काम असतं. भूक, झोप, अंगातली ऊब, आणि सगळ्यांत कटकटीचं म्हणजे पाणी. बाकीच्या मेंदूला रक्तापासून जपणारी एक भिंत असते, पण इथे त्या भिंतीला खिडकी ठेवलेली आहे. तिथल्या काही पेशी दिवसरात्र रक्ताची चव घेत बसतात. रक्त जरासं खारट झालं की त्या दोन कामं करतात. एक, व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडायला लावतात. ते मूत्रपिंडांना बजावतं की पाणी बाहेर टाकू नका, आणि रक्तदाब घसरला असेल तर रक्तवाहिन्या आवळून तोही सावरतं. दुसरं काम म्हणजे त्या माणसाला तहान लावतात. इतकं सगळं आपल्या नकळत चालतं, आणि आपण मात्र 'घोटभर पाणी दे गं' म्हणून मोकळे होतो.

भूषणच्या नेमक्या त्या बदामाला गाठ झाली होती. डॉक्टरांनी ती काढली. जीव वाचला, दृष्टी वाचली, पण संप्रेरक गेलं आणि तहान गेली. संप्रेरक गोळीत मिळतं. तहानेची गोळी अजून कोणी काढलेली नाही. म्हणजे हा माणूस वैशाखात सुकून बेशुद्ध पडला असता, तरी शेवटपर्यंत त्याला पाणी प्यावंसं वाटलं नसतं.

तहानेचं काम मग हेमांगीने अंगावर घेतलं. सकाळी चहाच्या आधी ती त्याला वजनकाट्यावर उभं करायची. कालच्यापेक्षा वजन उतरलं असेल तर तेवढं पाणी कमी पडलं, चढलं असेल तर तेवढं जास्त झालं, हा साधा हिशेब. त्यावरून दिवसाचं पाणी ठरायचं आणि ठरल्या वेळी तांब्या समोर यायचा. तो ऑफिसात असला की फोन जायचा. लग्नाच्या पंगतीत ती बायकांच्या रांगेतून डोळ्यांनी खूण करायची आणि तो मुकाट्याने पेला उचलायचा. त्याची जीभ, हाताच्या पाठीवरची कातडी, संध्याकाळची चाल, सगळं तिला पाठ होतं. नातेवाईक चेष्टा करायचे, की हेमा चार दिवस माहेरी गेली तर भूषणची सुकी मिरची होईल. तिला त्याचा राग यायचा नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटायचं. नवऱ्याचा जीव माझ्यात आहे असं पुष्कळ बायका म्हणतात, हिच्या बाबतीत ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं.

भूषणला मात्र त्याची किंमत द्यावी लागली. तो भूकरमापक होता. गाठीआधी रावेरपासून चोपड्यापर्यंत एकही शिवार त्याने चालायचं सोडलं नव्हतं. नंतर त्याला टेबल मिळालं. शिवारात हेमांगी नव्हती ना.

मग झारी आली. कंपनीने दिलेलं नाव लांबलचक होतं, पण हॉस्पिटलात सगळे तिला झारीच म्हणायचे. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. नाकावाटे नेऊन ती गाठीच्या रिकाम्या जागी बसवायची. ती रक्ताचा खारटपणा तपासते, आपल्या पोटातून थेंब थेंब संप्रेरक सोडते आणि तहानेच्या केंद्राला बारीकसा चिमटा काढते. अडचण एकच होती. नुसते आकडे शिकवून झारीला शहाणपण येत नव्हतं. कारण तहान नुसत्या खारटपणावर चालत नाही. माणूस उठून उभा राहिला, घाबरला, त्याला मळमळलं, दुखलं, जेवणाची वेळ झाली, की अंगातलं पाण्याचं धोरण बदलतं. पाणी पोटातून रक्तात पोचायला वेळ लागतो, पण दोन घोट घेतल्याबरोबर घसा निवतो. मेंदू पुढचं ओळखून असतो. ही ओळख झारीला यायची तर तिला जिवंत गुरू हवा. म्हणून पहिले काही महिने एका निरोगी माणसाच्या दंडात संवेदक बसवायचा, आणि त्याच्या अंगात जे घडेल ते त्याच घटकेला रुग्णाच्या झारीत उमटू द्यायचं. त्याची तहान ती याची तहान, त्याचं समाधान ते याचं समाधान. अशा माणसाला हॉस्पिटलात 'सोबती' म्हणत.

सोबती अर्थात आपणच, असं हेमांगीने धरलेलं. ती बाह्या सावरूनच गेली होती. डॉ. वाणींनी तिचे कागद पाहिले आणि मान हलवली. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि ती गोळीच मुळी लघवीवाटे पाणी काढणारी. "वहिनी, तुमचंच पाणी गोळीवर चाललं आहे," डॉक्टर हसत म्हणाले, "तुम्ही झारीला काय शिकवणार?" तो रक्तदाब भूषणच्या काळजीपायीच चढला होता, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिने गिळलं.

सोबती म्हणून प्रणाली सोनवणे मिळाली. महानगरपालिकेच्या शाळेत क्रीडाशिक्षिका, एकटी राहणारी, तब्येतीने ठणठणीत. याच गावचं ऊन खाणारी आणि भूषणसारखीच पहाटे उठणारी, म्हणून डॉक्टरांना पसंत. रक्तदान करतात तसं करायचं, एवढ्या सहजपणे ती हो म्हणाली होती. पहिल्या भेटीत तिने भूषणला दादा म्हटलं आणि हेमांगीला वहिनी. दादा म्हटलं म्हणून काय झालं, असं हेमांगीला तेव्हाच वाटून गेलं.

घरी निघताना डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं, की आता पाणी पाजणं बंद. वजनकाटा बंद, फोन बंद. ते स्वतः मागतील तेवढंच. शिकाऊ झारी आपल्या चाचणीपेक्षा सोबत्याचं जास्त ऐकते, ती संप्रेरक सोडून पाणी धरून ठेवत असेल आणि वरून कोणी ओतत राहिलं, तर रक्त पातळ होतं, त्यातलं मीठ उतरतं आणि मेंदूला सूज येते. "थोडक्यात, तुम्ही रिटायर," डॉक्टर म्हणाले. त्यांना हा विनोद वाटला.

पहिल्या तहानेनंतर आठवडाभरात हेमांगीला प्रणालीचा दिवस घरबसल्या कळायला लागला. उजाडता उजाडता भूषण पेला भरायचा, म्हणजे बाई मैदानावर पोचल्या. थोड्या वेळाने सलग दोन पेले, म्हणजे पळापळ झाली. अकराला उन्हाचा भोंगा झाला की सगळं जळगाव घरात जायचं, चार वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, तेव्हा त्याची तहान मंदावायची, म्हणजे बाई आडव्या झाल्या. एकदा बातम्या बघता बघता त्याचे कान लाल झाले, छातीत धडधडलं, आणि लगेच सगळं निवळलं. त्याला काहीच वाटलं नाही. हेमांगी मात्र रात्रभर तळमळत होती, की त्या बाईला संध्याकाळी असं धडधडायला काय झालं होतं, आणि झालं ते माझ्या नवऱ्याच्या छातीत का यावं.

भूषण खुशीत होता. त्याने साहेबांना भेटून पुन्हा शिवाराचं काम मागून घेतलं. पहाटे ड्रोन पाठीला लावून निघायचा, भोंग्याच्या आत परत यायचा, आणि काळवंडलेल्या तोंडाने सांगत बसायचा, की अमक्या बांधावर निंबाखाली बसून पाणी प्यालो, काय गोड लागलं म्हणून सांगू. ती ऐकायची. इतकी वर्षं तिने दिलेलं पाणी त्याला कधी गोड लागलं नव्हतं. कसं लागणार, ते औषध होतं. तरीही ही गोष्ट तिला सहन होईना. राबराब राबलो आपण, आणि गोडी आणली त्या शिट्टीवालीने. तिने मनातल्या मनात प्रणालीला झारीतला शुक्राचार्य म्हणून टाकलं, पण त्यानेही समाधान झालं नाही.

एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन ती बाहेर पडली आणि थेट शाळेच्या मैदानाशी जाऊन उभी राहिली. छताखाली खो-खोचा सराव चालला होता. प्रणाली आडव्या अंगाची, उन्हाने रापलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली. मुलींवर ओरडून तिचा आवाज बसला होता. ती देखणी असती तर हेमांगीला एकवेळ सोपं गेलं असतं. नाक मुरडून घरी जाता आलं असतं. पण तिच्यात मत्सर करण्यासारखं काही नव्हतं, आणि पोटातली आग तर विझत नव्हती. तेवढ्यात प्रणालीने शिट्टी खाली सोडली आणि कट्ट्यावरची बाटली उचलली. हेमांगीने घाईघाईने फोन लावला.

"काय करून राहिले?" तिने विचारलं.

"काही नाही," पलीकडून भूषण वाऱ्यात बोलत होता, "पाणी पिऊन राहिलो."

तिने फोन ठेवला. भाजी घ्यायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर तिने काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी भूषण निघताना तिने ताकाचा तांब्या पुढे केला. तांब्या दिसला की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. इतक्या वर्षांची सवय, का आणि किती हे न विचारता तो प्यायचा. तसा तो प्याला. ती मनाशी म्हणाली, ताक म्हणजे काही पाणी नव्हे. मग पन्हं झालं, लिंबाचं सरबत झालं. जेवणात कढी पातळ झाली, दुपारी टरबुजाचा रस आला. ती हुशारीने वेळ साधायची. बाईंना तहान लागायच्या आधीच याचं पोट भरलेलं असलं पाहिजे. तहान तिची असेल, पाणी माझंच गेलं पाहिजे. डॉक्टरांचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. ते शब्द इतर बायकांसाठी असतात, आपण या अंगाचं पाणी जिभेच्या रंगावरून ओळखतो, असा तिला गर्व होता. आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत खरंच काही बिघडलं नाही.

जिल्ह्याचे सामने आले त्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट झाली. भूषणची तहान एकाएकी थांबली. दोन दिवस त्याने आपणहून पेल्याला हात लावला नाही. हेमांगीला वाटलं, सुटलो. बाई बहुतेक थंड जागी बसून असणार, किंवा संवेदक बिघडला असणार, काही का असेना. तिने तांब्या आणखी भरला. दोन्ही दिवस तिच्या हातचं सोडून दुसरं पाणी त्याच्या पोटात गेलं नाही, आणि ती स्वयंपाकघरात चक्क गुणगुणत होती.

तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं. तो शिवारातून लवकर आला. जेवायला नको म्हणाला. ती जवळ बसली तर चिडला, आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिला. दोनदा हाक मारल्यावर त्याने ओ दिली, तीही भलत्याच प्रश्नाला दिल्यासारखी. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड, हरवलेली नजर. मीठ उतरल्याची ही खूण हेमांगीने एरवी दारातूनच ओळखली असती आणि त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं असतं. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांवर दुसराच चष्मा होता. तिला दिसलं ते एवढंच, की बाईंची तहान दोन दिवस आली नाही आणि याचं चित्त लागत नाही.

"आठवण येऊन राहिली का तिची?" ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला कोणाविषयी बोलणं चाललंय तेच समजत नव्हतं. तिला तो साळसूदपणा वाटला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टरबुजाच्या रसाचा मोठा पेला भरून आणला आणि त्याच्या हातात जवळजवळ कोंबला. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि सावकाश सगळा रस पिऊन टाकला. पेला परत देताना त्याची बोटं वाकडी झाली. पेला फरशीवर फुटला आणि भूषण पलंगावरच ताठ होऊन झटके देऊ लागला.

झारीने हॉस्पिटलला धोक्याचा निरोप आधीच धाडला होता, म्हणून गाडी दारात यायला वेळ लागला नाही. हॉस्पिटलात शिरेतून दाट खारट पाणी देऊन, अगदी हळूहळू, त्याच्या रक्तातलं मीठ वर आणलं. घाई केली तर मेंदूला इजा व्हायची भीती. तेवढा सगळा वेळ हेमांगी बाहेरच्या बाकावर बसून होती. तिला रडू येत नव्हतं. आपण काय केलं आहे हे तिला स्वच्छ कळलेलं होतं, आणि कळलेल्या माणसाला रडायची सोय नसते.

संध्याकाळी प्रणाली आली, ती एका पायावर लंगडत. दुसऱ्या पायाला प्लास्टर होतं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तोंडात रुमाल धरून रडायला लागली. डॉ. वाणींपुढे तिने सगळं सांगून टाकलं होतं. दोन दिवसांपूर्वी मैदानात तिचा घोटा मोडला. सोबत्याने आजारपण लगेच कळवायचं असतं, तसं तिने लिहून दिलेलं होतं. पण कळवलं असतं तर डॉक्टरांनी निजवून ठेवलं असतं आणि तिच्या मुली अंतिम सामन्यात पोरक्या झाल्या असत्या. म्हणून तिने घोटा आवळून बांधला आणि वेदनेने मळमळत असताना कडेला उभं राहून सामना काढला. मळमळ आणि वेदना या दोन गोष्टी तहान न लावताही संप्रेरकाचा लोट सोडतात. तिच्या अंगात तो सुटला, तसा भूषणच्या झारीतून सुटला, आणि त्याच्या मूत्रपिंडांनी थेंबन् थेंब धरून ठेवला.

"माझ्यामुळे दादा मेले असते, वहिनी," ती म्हणाली.

हेमांगीला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला हवं. तिला बरं वाटलं. रडून नाक लाल झालेल्या त्या बाईकडे पाहून तिला आतून गार वाटलं, उन्हातून आल्यावर वाटतं तसं. मग डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, प्रयोग थांबवावा लागेल. सोबत्याच्या एका चुकीने जीव जाणार असेल तर ही पद्धत धोक्याची आहे. झारी काढू. पुन्हा गोळ्या, पुन्हा मोजून पाणी. "वहिनी, तुम्हालाच परत उभं राहावं लागणार," ते म्हणाले. जाता जाता, विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, की त्यांना कोणी जास्तीचं काही पाजलं नव्हतं ना?

सगळं तिच्या पदरात आपण होऊन येऊन पडत होतं. नवरा, तांब्या, वजनकाटा, सकाळचे फोन. तिला खोटंही बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली. डॉक्टरांनी ते नाही असंच धरलं आणि तिला आत सोडलं.

भूषण जागा होता. चेहरा सुजलेला, ओठांना साल आलेली. तिला पाहून त्याने हात पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला तो झारीचाच.

"काढून घेणार का गं?"

"डॉक्टर म्हणून राहिले तसं."

त्याने मान वळवली. मग म्हणाला, की ठीक आहे, टेबल अजून रिकामंच असेल. हे तो अगदी समजुतीने म्हणाला. भांडला असता, कोणाला दोष दिला असता, तर ती निभावून नेऊ शकली असती. पण हा माणूस शिवार सोडून पुन्हा टेबलाशी बसायला तयार होता, आणि पुन्हा जन्मभर तिच्या हातून बेचव पाणी प्यायला तयार होता. तिला हवं होतं ते हेच होतं. समोर आल्यावर ते तिला बघवेना.

ती दाराशी गेली आणि डॉक्टरांना हाक मारली. प्रणालीलाही आत बोलावलं. ताक, पन्हं, सरबत, कढी, टरबूज, सगळं तिने एकामागून एक सांगितलं. का पाजलं तेही सांगितलं, प्रणालीच्या तोंडावर सांगितलं. मैदानाशी चोरून उभं राहिल्याचंसुद्धा. बोलताना तिची नजर भूषणच्या चादरीवर होती. प्रणालीचा रुमाल तोंडाशीच राहिला.

"मला कळत होतं," भूषण म्हणाला.

तिने वर पाहिलं.

"आधी मला काहीच कळायचं नाही, हेमा. तू द्यायची, मी प्यायचो. आता कळायला लागलं होतं. ताक दिलं तेव्हा तहान नव्हती. परवा, काल, तर पाणी बघवत नव्हतं. सगळं अंग नको म्हणून राहिलं होतं."

"मग प्यायले कशाला?"

"तू दिलं म्हणून," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी दिलं असतं तर फेकून दिलं असतं."

आता मात्र हेमांगीला रडू फुटलं. इतके दिवस त्या बाईच्या तहानेचा हेवा करून तिने जीव जाळला होता, आणि तहानेविरुद्ध, अंगाविरुद्ध तो जे प्याला होता ते सगळं तिचं होतं. त्यानेच तो मरायला टेकला होता. असलं प्रेम घेऊन माणसाने करायचं काय? तिने आपल्या गळ्याची शपथ घालून त्याला वचन मागितलं, की यापुढे नको असेल तेव्हा नको म्हणायचं, मीच दिलं तरी. त्याने मान डोलावली. तिला ते वचन हवं होतं, आणि त्याने दिलं तेव्हा ते तिला टोचलंही.

दोष झारीचा नव्हता, वरून पाजलेल्याचा होता, हे पटल्यावर डॉक्टरांनी प्रयोग चालू ठेवला. हेमांगीला त्यांनी जे सुनावलं ते तिने खाली मानेने ऐकून घेतलं. घोटा सावरल्यावर प्रणालीचा संवेदक पुन्हा जोडला. मात्र भूषणची तब्येत पूर्ण रुळेपर्यंत त्याला पाणी बेताचंच मिळणार होतं. सकाळ-संध्याकाळ नर्स मापून देऊन जायची. मध्ये तहान आली तर सोसायची, झारीचा तो चिमटा आहे असं समजून कळ काढायची. घरातल्या कोणी त्याला एक घोटही द्यायचा नाही. घरातल्या कोणी म्हणजे कोणी, हे सांगायची गरज नव्हती.

संवेदक जोडल्यानंतर चौथ्या दिवशी भोंगा व्हायच्या बेताला दार वाजलं. प्रणाली होती. अजून थोडी लंगडत, शाळेतून तशीच भर उन्हात चालत आलेली. रिक्षा मिळाली नाही म्हणाली. चेहरा लालबुंद, ओठ वाळलेले. तिला बघून हेमांगीच्या पोटात तीच जुनी आग उठली. दवाखान्यात सगळं बोलून झालं होतं, माफी मागून झाली होती, म्हणून काही ती विझलेली नव्हती.

प्रणाली खुर्चीवर बसली. समोर कोचावर भूषण होता. त्याचा घसा वरखाली होत होता. जीभ ओठांवरून फिरून परत कोरडीच जात होती. त्याने कोचाची कड घट्ट धरली होती. नर्स यायला अजून पुष्कळ अवकाश होता.

"कशा आहात, वहिनी?" प्रणालीने चाचरत विचारलं. पाणी मागायची तिची हिंमत नव्हती. त्या घरात पाण्याचं नाव कोणत्या तोंडाने काढणार?

हेमांगी स्वयंपाकघरात गेली. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, हे तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं, पण माठाशी जाऊन ती जरा वेळ नुसती उभी राहिली. मग तिने माठातून तांब्या भरून घेतला, वर पेला ठेवला, आणि बाहेर येऊन प्रणालीपुढे धरला.

प्रणालीने एका दमात पेला रिकामा केला. हेमांगी तिच्याकडे पाहत नव्हती. ती कोचाकडे पाहत होती. भूषणच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या, खांदे खाली आले, त्याने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. त्याच्या घशात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"बस्स, वहिनी," प्रणाली पेला खाली ठेवत म्हणाली.

"अजून घ्या," हेमांगी म्हणाली, आणि तिने पेला काठोकाठ भरला.